चिंतामणी रंग आणि आमच्या दुकानातला टॉर्च

शनिवार पेठेत आमचं मॅचिंग सेंटर आहे. मॅचिंग सेंटर म्हणजे काय हे बायकांना सांगावं लागत नाही, पुरुषांसाठी सांगते. बाई साडी घेऊन येते आणि आम्ही तिला त्या साडीला जुळणारं ब्लाउजचं कापड, अस्तर आणि फॉल काढून देतो. ऐकायला एवढंसं काम आहे. पण नुसत्या हिरव्याचे आमच्याकडे कपाटभर प्रकार आहेत, आणि समोरच्या बाईला त्यातला फक्त तिचाच हिरवा हवा असतो. इतकी वर्षं हे करून माझा असा समज झाला होता की रंगाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही.

दुकान अरुंद आहे आणि आत खोल जातं. दारातला उजेड काउंटरपर्यंत पोचत नाही. आत एलईडीच्या पांढऱ्याफेक नळ्या लावल्या आहेत. त्यांच्याखाली सगळं स्वच्छ दिसतं आणि खरं काहीच दिसत नाही. आमसुली रंग मरून काळपट होतो, चिंतामणी सरळ निळा होऊन बसतो, मोतिया आणि पांढरा तर जुळे भाऊ वाटतात. म्हणून आमच्या धंद्यात एक रीत आहे: काउंटरवर कितीही जुळलं तरी साडी आणि कापड उचलायचं, दाराशी जायचं आणि पायरीवर उभं राहून उजेडात धरायचं. ‘उजेडात दाखवा’ असं गिऱ्हाईक म्हणतंच. जी म्हणत नाही ती दुसऱ्या दिवशी कापड बदलायला येते.

दाराशी जायचं काम आमच्या ह्यांचं. कंपनीतल्या मशिनरीच्या दुरुस्तीत उभा जन्म घालवून, निवृत्त झाल्यावर हे माझ्या दुकानात बसायला लागले. ‘माझ्या’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे, कारण ते स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतात, “मालकीणबाई त्या, मी कामाला आहे.” साडीचा पदर मनगटावर टाकून, त्यावर कापड ठेवून ते पायरीवर उभे राहायचे, जरा मान तिरकी करायचे आणि निकाल द्यायचे. “जुळलं. आता घरी जाऊन शेजारणीला विचारू नका.” बायका हसायच्या आणि कापड घेऊन जायच्या.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. नेमके त्याच सुमारास हे काउंटरमागच्या स्टुलाला चिकटले. गिऱ्हाइकाने ‘उजेडात’ म्हटलं की हे माझ्याकडे बघायचे. “तू जा. माझा गुडघा धरलाय.” मग मी आपली काउंटर ते पायरी आणि पायरी ते काउंटर. एकीचं दाराशी दाखवेपर्यंत काउंटरवरच्या दुसरीने निम्मं कपाट उपसून ठेवलेलं असायचं. गुडघ्याला तेल लावून देते म्हटलं तर नको. डॉक्टरकडे चला म्हटलं तर, “सीझन होऊ दे.” आता सीझन म्हटलं की आमच्याकडे सगळं थांबतं. सीझनमध्ये आम्ही दातसुद्धा दाखवायला जात नाही, गोळी घेतो आणि कापड फाडतो. त्यामुळे त्या उत्तरात मला काहीच वावगं वाटलं नाही.

टॉर्चची कल्पना माझी. मोबाइलवर एका माणसाने टॉर्च उघडून त्यातला एलईडी बदलून दाखवला होता. बदलण्याआधी त्याने टॉर्चसमोर एक टोमॅटो धरला आणि बदलल्यावर तोच पुन्हा धरला. आधीचा टोमॅटो आजारी होता, नंतरचा मंडईतला होता. तो सांगत होता की रंग खरे दाखवणारे वेगळे एलईडी मिळतात. मला एकदम दिसलं की हा उजेड काउंटरवर आला तर दाराशी जायलाच नको. दुकानात दिवे गेल्यावर लागतो म्हणून एक दणकट टॉर्च होताच. त्याचा उजेड भरपूर, पण निळसर, नळीचाच भाऊ.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेले. दुकानदाराने माझ्या टॉर्चकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “ताई, नवीन टॉर्च घ्या ना.”

“मला नवीन टॉर्च नको, नवीन उजेड हवाय.”

“देतो. पण हा तुम्हाला पिवळट वाटेल, आणि जरा मंदही. सगळे परत घेऊन येतात. तुम्ही येऊ नका.”

नखाएवढा पिवळट ठिपका बसवलेली एक तांब्याची गोल चकती त्याने पुडीत घालून दिली. ती मी ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांचा स्वभाव असा की शेजारच्यांचा मिक्सर बंद पडलाय हे नुसतं कानावर आलं तरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन न बोलावता जातील. त्यांनी पुडी उलटीसुलटी करून वाचली, मला विचारलं, “ह्याने रंग खरे दिसतात?” मी हो म्हटलं. त्यांनी पुडी खणात ठेवली. “उद्या करतो.”

तो उद्या काही उगवेना. माझी चिडचिड व्हायला लागली. त्यात ह्यांना खाज सुटली होती. कापड मोजायची लोखंडी मीटरपट्टी पाठीत घालून दिवसभर खसाखसा खाजवायचे, आणि ते गिऱ्हाइकांसमोर. मी साबण बदलला, कपडे धुवायची पावडर बदलली, शेवटी बोलले, “ती पट्टी कापडाला लागते हो.” जेवणही कमी केलं होतं. डब्यातली पोळी तशीच परत यायची. मला वाटलं, मी टॉर्चवरून बोलते म्हणून रुसलेत. लग्नाला तीस वर्षं झाली की नवऱ्याच्या प्रत्येक गोष्टीचं कारण आपणच आहोत असं बाईला वाटायला लागतं.

एका दुपारी, एकला शटर अर्धं ओढून आम्ही जेवलो. हे आतल्या गादीवर भिंतीकडे तोंड करून पडले. मी खणातून पुडी काढली, ह्यांचं सोल्डरिंगचं मशीन काउंटरवर मांडलं आणि ठरवलं की झालं तर झालं.

टॉर्चचं तोंड फिरवून काढलं. काच निघाली, मागची चकचकीत वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, निघाला. खाली जुन्या एलईडीची चकती, तिला एक लाल आणि एक काळी वायर. तापलेलं टोक टेकवलं की डाग वितळतो आणि वायर सुटते. लाल सुटली, काळी सुटली, चकती उपसून काढली. खाली उष्णता वाहून नेणारा पांढरा लेप वाळून चुना झाला होता, तो अस्तराच्या चिंधीने पुसला. नवा लेप लावून नवी चकती बसवली. लाल वायर अधिकला, काळी उण्याला. माझे डाग ह्यांच्यासारखे नेटके पडत नाहीत, चांगले हरभऱ्याएवढे पडले. पण वायरी ओढून बघितल्या, पक्क्या होत्या. वाटी बसवली, काच बसवली, तोंड आवळलं, बटण दाबलं.

काही नाही. परत दाबलं. काही नाही. सेल काढून घातले. उघडून वायरी बघितल्या. नुसती चकती जोडून दाबलं तर लागला. तोंड आवळलं की बंद. मला रडू यायच्या बेतात होतं, कारण आता जुनाही गेला आणि नवाही लागेना.

गादीवरून, भिंतीकडे तोंड ठेवूनच, हे म्हणाले, “रिफ्लेक्टर टेकतोय तुझ्या डागांना. मध्ये कागद घाल.”

मी म्हटलं, “झोपला नाहीत का?”

“डाग चपटे कर आणि जाड कागदाची चकती कापून घाल. वाटी धातूची आहे, शॉर्ट होतंय.”

डाग चपटे केले. फॉलच्या पुठ्ठ्यातून चकती कापली, मधे भोक पाडून घातली, तोंड आवळलं. लागला.

काउंटरवर सकाळी कापड बदलायला परत आलेली चिंतामणी रंगाची साडी पडली होती. तिच्यावर उजेड टाकला आणि इतकी वर्षं जो रंग मी फक्त पायरीवर बघितला होता, तो जांभळ्यातून निळ्यात जाणारा चिंतामणी माझ्या काउंटरवर उमटला. मी आमसुलीवर टाकला, मोतियावर टाकला. मोतिया मोतिया होता. मला खरंच नाचावंसं वाटलं. “अहो, बघा तरी,” म्हणत मी टॉर्च घेऊन आत वळले.

हे माझ्या आवाजाने इकडच्या कुशीवर वळले होते. चष्मा उशाशी घडी करून ठेवला होता. ह्यांचा चष्मा उन्हात काळा होणारा आहे. उजेड तोंडावर गेला तसे त्यांनी डोळे उघडले आणि लगेच हाताने झाकले. पण तेवढ्यात मी बघितलं होतं. डोळे पिवळे होते.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, कारण त्याचा मला अजून धक्का बसतो. माझ्या मनात आलं, दुकानदार बरोबर म्हणत होता. एलईडी पिवळा मारतोय.

मी काउंटरवर परत आले आणि पांढऱ्या रुबियाचा तागा ओढला. ब्लाउजच्या कापडात रुबियाचा पांढरा आमची कसोटी. त्यावर उजेड टाकला. पांढरा. परत आत जाऊन टॉर्च छताकडे वळवला, सगळ्या खोलीत तोच उजेड पसरला. ह्यांनी हात जरा खाली घेतला होता. पिवळे. परत रुबिया. पांढरा. स्वतःचा तळहात बघितला, तळहातासारखा होता. मी काचेला बोट लावून बघितलं की लेपाचा डाग तर नाही. मग, देवा, मी मोठ्याने म्हणाले, “हा एलईडी परत करायला हवा.”

“एलईडी ठीक आहे,” हे म्हणाले.

मी तिथेच, तागा हातात धरून, गादीच्या कडेला बसले. ह्यांनी हात काढला. मी रुबियाची कड त्यांच्या कानशिलाला लावली, जशी साडीला कापड लावते. आधी कधी माणसाला कापड लावलं नव्हतं. ह्यांचा रंग सावळा, कातडीवर काही कळत नव्हतं. पण डोळ्यांचा पांढरा पांढरा नव्हता.

“कधीपासून?”

“दिवाळीत दाढी करताना दिसलं. खिडकीत.”

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत.”

“सीझन होऊ दे म्हटलं. मग जाणारच होतो.”

“गुडघा?”

“गुडघ्याला काय झालंय,” हे म्हणाले.

तेव्हा मला सगळं कळलं, आणि कळलं तसा राग आला, असा की टॉर्च फेकून मारावासा वाटला. हा माणूस दाराशी येत नव्हता कारण दाराशी उजेड होता. ऊन असलं की चष्मा काळा, आणि दुकानात आलं की नळ्या. घरी धायरीला खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, तिथेही नळ्याच. ज्या उजेडावर मी रोज गिऱ्हाइकांपुढे तोंडसुख घेत होते, त्याच उजेडात ह्यांनी स्वतःला माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. आणि मी, मोतिया आणि पांढरा यांतला फरक सांगून पोट भरणारी बाई, समोर बसून त्यांना पट्टी पाठीत घालू नका म्हणून सांगत होते.

का, हे विचारायची गरज नव्हती. ह्यांचे थोरले भाऊ असेच पिवळे होऊन हॉस्पिटलात स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. ऑपरेशन टेबलावर उघडून बघितलं आणि परत शिवलं. ते घरी आलेच नाहीत. त्यानंतर ह्यांनी हॉस्पिटलच्या फाटकाच्या आत पाऊल ठेवलं नव्हतं, आमच्या मुलीच्या बाळंतपणालासुद्धा बाहेर चहाच्या गाडीवर उभे होते.

“उठा,” मी म्हणाले.

“चारला गिऱ्हाइकं येतील. ती कात्रजची वरमाय यायची आहे. नऊवारी घेऊन.”

“उठा म्हटलं ना.”

मी शटर पूर्ण ओढलं आणि कुलूप लावलं. भर लग्नसराईत, दुपारी, आमच्या दुकानाला बाहेरून कुलूप हे पेठेत कोणी पाहिलं नव्हतं. रिक्षात बसत होतो तेवढ्यात ती वरमाय साड्यांची पिशवी सांभाळत आलीच. “काय ओ ताई, बंद हाय व्हय?” मी हो म्हटलं आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं. पिशवीसकट ती बाई तशीच रस्त्यात उभी राहिली. ह्यांनी मागे वळून बघितलं. “गिऱ्हाईक गेलं,” म्हणाले. मी रिक्षात ओरडायची तेवढी बाकी होते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या खोलीत नळ्याच होत्या. त्यांनी ह्यांच्या पापण्या खाली ओढल्या, आपल्या लहानशा टॉर्चने बघितलं आणि भुवया आकसल्या. मी पर्समध्ये हात घातला, माझा टॉर्च मी घेऊन आले होते. पण तो बाहेर काढायच्या आत डॉक्टर खुर्चीतून उठले.

“चष्मा काढा आणि जरा खिडकीपाशी या. उजेडात बघू.”

मी टॉर्च पर्समध्येच सोडला. हेच शब्द मी आयुष्यभर ऐकत आले आहे. ह्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि निमूट खिडकीशी गेले. डॉक्टरांनी पडदा सरकवला. दुपारचं ऊन सरळ ह्यांच्या तोंडावर पडलं, आणि टॉर्चच्या उजेडात मी जे बघितलं होतं ते कमीच होतं असं दिसलं. त्या रंगाला माझ्याकडे नाव आहे. आमच्या कपाटात, वरून तिसऱ्या खणात, त्याचा तागा आहे, आणि हळदीच्या कार्यक्रमाला म्हणून तो चांगला खपतो. पण मला ते नाव मनातसुद्धा उच्चारता येईना.

“कावीळ आहे,” डॉक्टर म्हणाले. “पोटात दुखतं?”

“नाही,” हे म्हणाले, आणि जरा आशेने म्हणाले, “अजिबात नाही.”

“दुखलं असतं तर बरं झालं असतं. न दुखणाऱ्या काविळीची जास्त काळजी वाटते.”

पुढचं सगळं मला घाईघाईतच आठवतं. रक्त, सोनोग्राफी, मग मोठ्या यंत्रातली तपासणी. पित्ताची नळी आतड्यात जिथे उघडते तिथे गाठ होती. ती नळी दाबत होती म्हणून डोळे पिवळे होत होते आणि अंगाला खाज सुटत होती. सर्जन कागदावर आकृती काढून सांगत होते: गाठ लहान आहे, अजून काढता येण्यासारखी आहे. “सीझन संपल्यावर आला असतात,” ते म्हणाले, आणि वाक्य पुरं न करता त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आकृतीकडे बघत होते, जसं मिक्सरच्या आत बघतात.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. माझा राग गेला नव्हता. तोपर्यंत मी भांडून घेतलं होतं, रडून घेतलं होतं, मुलीला फोनवर सगळं सांगून पुन्हा रडले होते. पण एक गोष्ट मला छळत होती आणि ती विचारल्याशिवाय मला ह्यांना आत पाठवायचं नव्हतं.

“अहो, तो टॉर्च लागत नव्हता. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही गप्प पडून राहिला असतात तर मी तो तसाच गुंडाळून ठेवला असता.”

“हो.”

“त्याने रंग खरे दिसतात हे तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच तर तुम्ही ‘उद्या करतो’ म्हणत होतात.”

“हो.”

“मग रिफ्लेक्टर टेकतोय हे सांगितलंत कशाला?”

ह्यांनी वर पंख्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील, भीतीचं, भावाचं, माझं.

“चुकीचं काम बघवत नाही,” हे म्हणाले, आणि मग भिंतीकडे वळून माझा हात धरून ठेवला. नर्स येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते आत गेले आणि बाहेर आले. हे वाक्य इतकं साधं लिहिता येईल असं मला त्या दिवशी वाटलं नव्हतं. त्यानंतर औषधं झाली, काही अजून चालू आहेत, आणि दर तपासणीच्या आधी आम्ही दोघं एकमेकांशी नीट बोलत नाही. हे खूप वाळलेत. शर्ट अंगात लोंबतात. पण पावसाळा संपता संपता एक दिवस म्हणाले, “दुकानात येतो,” आणि आले.

टॉर्च तोवर काउंटरवर रुळला होता. बायकांना त्याचं कौतुक, दाराशी कोणी जातच नव्हतं. त्या दिवशी एक बाई चिंतामणी रंगाची पैठणी घेऊन आली. मी कापड काढलं, टॉर्च लावला, जुळलेलं दाखवलं. बाई जुन्या वळणाची होती. “ते तुमचं बॅटरीचं असू दे,” म्हणाली. “उजेडात दाखवा.”

मी काउंटरमागून निघणार तोच हे स्टुलावरून उठले. काउंटरला हात टेकत, सावकाश, पदर मनगटावर टाकून दाराशी गेले. पायरीवर उभे राहिले. चष्मा काळा व्हायला लागला, तसा त्यांनी तो काढून खिशात घातला आणि मान तिरकी केली. मीही मागोमाग गेले होते. ते कापडाकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते, अगदी जवळून, पहिल्यांदा बघावं तसं.

“काय हो ताई,” बाईने मला विचारलं, “कसं दिसतंय?”

“पांढरं,” मी म्हणाले. “अगदी पांढरं.”